रास्पबेरी पाय ४ घरगुती मीडिया सर्व्हर म्हणून: काही महिन्यांचा अनुभव आणि ‘नो सिग्नल’चा छडा

दिवाणखान्यातल्या टीव्हीमागे बसवलेला रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका छोट्या बोर्डावर मावणारा संगणक, गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे मीडिया सर्व्हरचे काम करतो आहे. चार जीबी मेमरीचे मॉडेल, त्यावर लिबरइलेक ही लिनक्सवर आधारलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि चित्रपट-गाणी लावणारे कोडी, निळ्या यूएसबी सॉकेटला जोडलेली अडीच इंची हार्ड डिस्क, आणि घरातल्या लॅपटॉपवर व मोबाइलवर तीच डिस्क दिसावी म्हणून चालू ठेवलेले सांबा शेअरिंग, एवढाच हा संसार आहे. चित्रपट, व्हीसीडीवरून उतरवून घेतलेली जुनी नाटके, घरच्या लग्नमुंजींची रेकॉर्डिंग आणि गाणी यांसाठी तो पुरून उरतो. फुल एचडीपर्यंतचे एच-२६४ आणि फोरकेपर्यंतचे एच-२६५ या पद्धतींनी आवळलेले व्हिडिओ उलगडण्याची सोय त्याच्या चिपमध्येच असल्यामुळे चित्र अडखळण्याची वेळ क्वचितच येते. हा मजकूर लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. चालत्या यंत्राचे चित्र टीव्हीवरून नाहीसे होणे हा प्रकार आमच्याकडे बराच काळ सुरू होता आणि त्याच्या मुळाशी जाताना असे लक्षात आले, की ‘नो सिग्नल’ या एकाच पाटीमागे निरनिराळी दुखणी दडलेली असतात. त्यांतले आपले कोणते, हे ठरवल्याशिवाय केबल बदलत बसण्याला काही अर्थ नाही.

आमच्याकडचा सर्वांत चिवट प्रकार वीजपुरवठ्याशी बांधलेला होता. घरातले दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर आहेत, टीव्हीचा बोर्ड नाही. वीज गेली की टीव्ही आणि पाय दोन्ही एकदम बंद पडतात. पण वीज आल्यावर दोघांचे वागणे एकसारखे नसते. पाय ४ ला पॉवरचे बटणच नाही, त्यामुळे करंट मिळताच तो सुरू होतो. टीव्ही मात्र लाल दिवा लावून स्टँडबायमध्ये बसतो आणि कुणीतरी रिमोट हाती घेईपर्यंत तसाच राहतो. दुपारी वीज जाऊन आली आणि संध्याकाळी टीव्ही लावला, की काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ची चौकट इकडून तिकडे तरंगताना दिसे. पायची पिन काढून पुन्हा लावली की सगळे सुरळीत होई, आणि त्यामुळेच घरातल्या प्रत्येकाला तो उपाय वाटू लागला. चालू डिस्क असलेल्या यंत्राचा करंट असा तोडणे बरे नव्हे. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फायली खराब होतात आणि चित्राचे दुखणे जागच्या जागी राहते.

म्हणून पहिली तपासणी पिन न काढता, मोबाइलवरूनच करावी. कोडीचे कोर नावाचे रिमोट अ‍ॅप उघडावे आणि शेजारीच फाइल मॅनेजरमधून सांबाचे फोल्डर उघडून पाहावे. कोर जोडले जात असेल, एखादे गाणे लावल्यावर मोबाइलवरचा वेळेचा आकडा पुढे सरकत असेल आणि तरीही टीव्ही काळा असेल, तर कोडी जिवंत आहे आणि दोष चित्र टीव्हीपर्यंत पोचवण्याच्या वाटेत आहे. सांबाचे फोल्डर उघडते पण कोर जोडले जात नाही, असे असेल तर यंत्र चालू आहे आणि कोडी उभेच राहिलेले नाही. दोन्हीपैकी काहीच प्रतिसाद देत नसेल तर मात्र यंत्रच बंद किंवा अडकलेले आहे, किंवा निदान घरच्या नेटवर्कवर तरी आलेले नाही. तेव्हा पायवरच्या लाल व हिरव्या दिव्यांकडे वळावे. वीज जाऊन आल्यानंतरच्या आमच्या दुखण्यात दरवेळी मधला प्रकार आढळे, आणि तेवढ्यावरून तपासाची दिशा ठरली.

त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. एचडीएमआयच्या साध्या केबलमध्ये एकोणीस पिना असतात. अठराव्या पिनेवर पायसारखे यंत्र पाच व्होल्ट देते आणि टीव्ही एकोणिसाव्या पिनेवर ‘मी हजर आहे’ अशी खूण परत पाठवतो. तिला हॉटप्लग डिटेक्ट म्हणतात. ती मिळाली की पंधराव्या व सोळाव्या पिनांवरून टीव्हीची ओळखपत्रिका, म्हणजे ईडीआयडी, वाचली जाते. एकशे अठ्ठावीस बाइटांचा मुख्य भाग आणि त्याला जोडलेली एखादी पुरवणी, एवढीच ती असते. पण हा टीव्ही कोणकोणती रिझोल्यूशन, किती रीफ्रेश रेट आणि कोणत्या प्रकारचा आवाज स्वीकारतो हे सारे तिच्यातून कळते. स्टँडबायमध्ये असताना ती खूण द्यायची की नाही याबाबत सगळे टीव्ही सारखे नाहीत. आमचा टीव्ही ती देत नाही. पाय सुरू होत असताना टीव्ही झोपलेला असला, तर लिनक्सच्या लेखी एचडीएमआयला काही जोडलेलेच नसते, आणि चित्र दाखवायला जागा न सापडल्याने कोडी सुरुवातीलाच माघार घेते. एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून लेखी आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरून कोडीचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला तेव्हा जोडलेला कनेक्टर सापडला नाही अशा अर्थाची ओळ तिथे होतीच. सिस्टिमच्या ‘डीआरएम’ या चित्राच्या जोडण्यांच्या फोल्डरमध्ये प्रत्येक एचडीएमआय सॉकेटच्या नावाने ‘स्टेटस’ ही छोटी फाइल असते. टीव्ही बंद ठेवून ती वाचली तर ‘डिसकनेक्टेड’ आणि चालू करून वाचली तर ‘कनेक्टेड’ असे उत्तर येते. संशयाला जागा राहिली नाही.

या रोगावर इंटरनेटवर सर्वाधिक सांगितला जाणारा उतारा म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडीएमआय फोर्स हॉटप्लग’ची ओळ घालणे. तो उतारा जुन्या काळात रामबाण होता. आता त्याच्या मागे लागण्यात वेळ जातो. २०२१ मध्ये आलेल्या लिबरइलेक १० पासून पाय ४ वर चित्राचा कारभार फर्मवेअरकडून, म्हणजे चिपच्या स्वतःच्या प्रोग्रॅमकडून, लिनक्सच्या केएमएस या चित्र हाताळणाऱ्या ड्रायव्हरकडे गेला आणि हा ड्रायव्हर कॉन्फिग फाइलमधल्या एचडीएमआयच्या बहुतेक जुन्या ओळी विचारातच घेत नाही. त्याआधीच्या वर्षांत लिहिलेले सल्ले अजूनही पहिल्या पानावर दिसतात, म्हणून सल्ला वाचण्याआधी त्याची तारीख पाहावी.

आता लागू पडणारा उपाय त्याहून सोपा आहे. टीव्ही चालू ठेवून, चित्र व्यवस्थित दिसत असताना, एसएसएचवरून ‘गेटईडीआयडी क्रिएट’ ही आज्ञा द्यायची. तिच्यामुळे टीव्हीची ओळखपत्रिका पायच्या कार्डावर फाइल म्हणून जतन होते आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आज्ञा ज्या सीएमडीलाइन फाइलमध्ये असतात तिथे दोन गोष्टींची भर पडते: ओळखपत्रिका टीव्हीला न विचारता या फाइलमधून वाच, आणि हे सॉकेट नेहमी जोडलेलेच आहे असे धर. त्यानंतर यंत्र रीस्टार्ट केले, की टीव्ही जागा असो वा झोपलेला, कोडी आपले चित्र पाठवत राहते आणि टीव्ही लावला की ते समोर येते. पुढच्या वेळी वीज जाऊन आली तेव्हा मुद्दाम टीव्हीला हात न लावता मोबाइलवर कोर उघडून पाहिले. ते लगेच जोडले गेले.

मात्र एक पथ्य पाळावे लागते. ही पत्रिका त्या विशिष्ट टीव्हीची, आणि मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्या जोडणीची असते. उद्या टीव्ही बदलला किंवा साउंड सिस्टिम मध्ये आली, तर जुनी पत्रिका ‘गेटईडीआयडी डिलीट’ने काढून नवी घ्यावी, नाहीतर पाय नव्या टीव्हीला जुनाच समजून वागवेल. शिवाय जोडणी नेहमी पॉवरच्या टाइप-सी सॉकेटलगतच्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या एचडीएमआयलाच ठेवावी. सेकंदाला साठ फ्रेमचे फोरके चित्र त्याच सॉकेटवरून मिळते.

चित्र चालू असताना मध्येच जाण्याचा प्रकार निराळा. आमच्याकडे तो फोरके चित्रपटांच्या वेळी दिसला: आधी पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची चमचम, मग क्षणभर काळोख, मग पुन्हा चित्र. १०८० पीचे चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायला १४८.५ मेगाहर्ट्झचे पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्रबिंदू पाठवण्याचा वेग, लागते आणि तेच फोरकेला ५९४, म्हणजे बरोबर चौपट. पहिल्या कामाला चालणारी केबल दुसऱ्यालाही चालेल असे नाही, आणि मध्ये मायक्रो एचडीएमआयचा स्वस्त कन्व्हर्टर असेल तर आणखीच शंका. १८ गिगाबिटची प्रमाणित केबल आणल्यावर चमचम थांबली. तरीही माझे मत असे, की कोडीचा मेनू फोरकेमध्ये ठेवण्याची हौस करू नये. मेनूला १०८० पी पुरते. फोरकेचे मोड कोडीच्या व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे परवानगी दिलेल्या मोडांच्या यादीत, फक्त २४, २५ आणि ३० फ्रेमचे ठेवावेत. चित्रपट बहुधा चोवीसच्या आसपासच असतात आणि या मोडांना २९७ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून कमीच लागते, त्यामुळे केबलवरचा भार निम्म्यावर येतो.

याला जोडूनच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बिघाड नसून अनेकांना बिघाड वाटते. कोडीमध्ये व्हिडिओप्रमाणे रीफ्रेश रेट बदलण्याची सोय चालू असेल, तर चित्रपट सुरू करताना आणि संपताना टीव्ही दोनतीन सेकंद काळा होतो. व्हीसीडीवरून उतरवलेली आमची नाटके सेकंदाला पंचवीस फ्रेमची आहेत, कारण आपल्याकडे टीव्ही प्रक्षेपणाची पाल पद्धत होती. ती लावली की टीव्ही साठवरून पन्नास हर्ट्झवर जातो आणि तेवढ्यात पहिला संवाद निसटतो. आई त्यावरून नेहमी कुरकुर करत असे. याच सेटिंगच्या शेजारी रेट बदलताना व्हिडिओ थोडा वेळ थांबवून ठेवण्याची सोय आहे. ती दोनतीन सेकंदांवर ठेवली की नांदीपासून सगळे ऐकू येते. रेट बदलण्याची सोयच बंद करू नये. पन्नास हर्ट्झवर ही नाटके जितकी सहज दिसतात तितकी साठवर दिसत नाहीत. रंगमंचावर कुणी चालत गेले की हिसके जाणवतात.

तिसरे दुखणे करंटचे. यात चित्र एकटे जात नाही, यंत्रच पुन्हा सुरू होते. डिस्क बराच वेळ निवांत राहून पुन्हा फिरू लागते त्या क्षणी ती जादा करंट ओढते, आणि पाय मोबाइलच्या चार्जरवर चालत असेल तर व्होल्टेज खाली येते. ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे चिन्ह उमटते. पण पडदाच काळा झाला असेल तर ते दिसणार कुठून? अशा वेळी एसएसएचवरून ‘व्हीसीजीईएनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ विचारावे. उत्तर शून्य आले तर करंट ठीक आहे. ५०००० आले तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते, आणि ५०००५ आले तर आत्ताही पडलेलेच आहे. पाय ४ च्या सर्व यूएसबी सॉकेटांना मिळून १.२ अँपिअरचीच मर्यादा आहे, तेव्हा फिरणारी डिस्क असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा आणि पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर द्यावा. जुना पाय विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २०१९ च्या पहिल्या बोर्डांमध्ये टाइप-सी सॉकेटच्या रेझिस्टरची चूक होती आणि ती कंपनीने मान्यही केली होती. त्या बोर्डांना लॅपटॉपच्या चिपवाल्या केबलने करंट मिळत नाही. नंतरच्या बोर्डांत ती दुरुस्त झाली.

सीईसीबद्दल, म्हणजे एचडीएमआय केबलमधून एका यंत्राने दुसऱ्याला आज्ञा देण्याच्या सोयीबद्दल, थोडक्यात: टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालवता येते ही मोठी सोय आहे, पण टीव्ही बंद केल्यावर यंत्रही बंद करण्याचा पर्याय तिथे निवडलेला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नो सिग्नल’, आणि पायला बटण नसल्याने पिन काढण्यावाचून गत्यंतर नाही. तो पर्याय ‘काही करू नये’ यावर ठेवावा.

मायक्रो एचडीएमआयचे सॉकेट हा या बोर्डाचा मला सर्वांत कमी आवडलेला भाग. ते नाजूक आहे आणि जाड केबलचे वजन त्यावर लोंबकळत राहिले की जोड सैल होतो. मग टीव्हीला जरा धक्का लागला तरी चित्र जाते. वीतभर लांबीची मऊ जोडकेबल लावून, जाड केबल टीव्हीच्या मागच्या क्लिपमध्ये अडकवल्यापासून तो प्रकार घडलेला नाही.

एवढे सगळे एकदा नीट लावून दिल्यावर हे यंत्र आठवडेच्या आठवडे हात न लावता चालते, आणि तसे ते सध्या चालले आहे. मेहुण्यांनी त्यांच्या गावाकडच्या घरासाठी असेच काही बसवावे का म्हणून विचारले, तेव्हा मी त्यांना नको म्हटले. तिथे एसएसएच उघडणारे कुणी नाही, वीज वारंवार जाते, आणि पाहायचे ते सारे यूट्यूबवर असते. त्यांना टीव्हीतलेच अ‍ॅप पुरेसे आहे. ज्यांच्याकडे स्वतःच्या फायलींचा मोठा साठा आहे आणि एखादी संध्याकाळ लॉग वाचण्यात घालवण्याची तयारी आहे, त्यांनी अवश्य घ्यावे. नव्याने घेणाऱ्यांना २०२३ चा पाय ५ खुणावेल. त्याला पॉवरचे बटण आहे आणि वेगही बराच जास्त आहे, पण त्यात एच-२६४ साठीचा वेगळा डिकोडर नाही, ते काम प्रोसेसर करतो. सॉकेट मायक्रो एचडीएमआयचेच आहे आणि पूर्ण ताकदीसाठी पाच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. केवळ चित्रपट आणि नाटके पाहण्यासाठी चालता पाय ४ काढून तो बसवावा, असे मला आज तरी वाटत नाही.