पाठीवरचा फवारणी पंप: टू-स्ट्रोक घ्यावा की फोर-स्ट्रोक?

वीस-पंचवीस लिटर टाकीचा पाठीवरचा पंप घ्यायचा हे नक्की असेल आणि बॅटरीवाला नको हेही ठरलं असेल, तर प्रश्न उरतो तो इंजिनाचा. खालचा पंप दोन्हींत जवळपास एकच असतो: पितळी बॉडी, यू-सील, व्हॉल्व्ह आणि प्रेशरची नॉब. नोजलमधून येणारा फवारा बघून वर कुठलं इंजिन आहे हे कुणालाही सांगता येणार नाही. फरक कळतो तो आठ-पंधरा दिवस पंप खोपटात पडून राहिला आणि सोयाबीनवर तांबेरा दिसल्यावर घाईनं बाहेर काढला, तेव्हा.

टू-स्ट्रोकच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. तो स्वस्त आहे आणि किलो-दीड किलोनं हलका. शिरोळच्या सपाट रानात हे वजन जाणवत नाही, पण गगनबावडा किंवा राधानगरीकडं भाताच्या खाचरांत दिवसभर बांध चढणाऱ्याला चांगलंच जाणवतं. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, ऑइल बदलायची भानगड नाही, आणि जुन्या स्कूटरवर हात बसलेला कुठलाही मेकॅनिक तो खोलतो.

टू-स्ट्रोकला ऑइल (टू-टी) पेट्रोलातच मिसळावं लागतं. त्याचं प्रमाण पंपाच्या पुस्तिकेत असेल तेच धरा. २५:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. अंदाजानं बूच-दोन बूच ओतायचं नाही. ऑइल जास्त झालं की प्लग काळा-ओला होतो आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन धरतो. मग इंजिन चालू होतं, पण लोड घेत नाही. अशा वेळी कार्बोरेटर खोलण्याआधी सायलेन्सर काढा. दोरी हळू ओढून पिस्टन एक्झॉस्टच्या भोकाआड आणा, म्हणजे खरवड सिलिंडरमध्ये पडत नाही, आणि लाकडाच्या काडीनं कार्बन खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर लावला तर पिस्टनवर ओरखडा जातो.

इथवर दोन्ही पारडी सारखी वाटतील. माझं पारडं झुकलं ते पेट्रोलमुळं.

आता पेट्रोलपंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं. नुसत्या दमट हवेनं एका रात्रीत काही बिघडत नाही. पण ओलं नरसाळं, टाकीच्या झाकणाची गेलेली वायसर, भुरभुर पावसात बांधावर भरलेलं पेट्रोल यातून पाणी आत जातंच, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कोरडी जागा शोधावी लागते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला बसतं. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. इंजिनाकडं जाणारी नळी ओढते तळाचं. म्हणजे तुम्ही ४० मिली मोजून ऑइल घातलेलं असूनही इंजिनात जातं ते ऑइलविना. नशीब असेल तर ते चालूच होत नाही. गरम इंजिन अशा मिश्रणावर थोडा वेळ जरी ओढत राहिलं, तर पिस्टनवर उभ्या रेघा पडतात, रिंगा धरतात आणि दोरी ओढताना कॉम्प्रेशन लागत नाही. मग सिलिंडर-पिस्टन किट बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

फोर-स्ट्रोकमध्ये तेच पाणी गेलं तर इंजिन फटफटतं किंवा बंद पडतं. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, प्लग पुसा, ताजं पेट्रोल घाला, काम चालू. ऑइल वेगळ्या घरात असल्यामुळं धातूला सहसा धक्का लागत नाही.

यात आणखी एक भर. पैऱ्यात, म्हणजे एकमेकांच्या कामाच्या देवघेवीत, पंप दुसऱ्याकडं गेला की बाटलीतलं मिश्रण आहे की साधं पेट्रोल, हे विचारायला कुणी थांबत नाही. टू-स्ट्रोकला साधं पेट्रोल एकदा पडलं तरी इंजिन जायला तेवढं पुरतं.

शंका आली तर टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतून दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळी रेघ दिसली की ते टाकून द्या. हलवून पुन्हा वापरणं चुकीचं. आणि इंजिन कुठलंही असो, आठवडाभर पंप लागणार नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल उडून जातं, ऑइल मागं राहतं आणि जेट चिकटतो.

फोर-स्ट्रोकची कटकट वेगळी आहे. ऑइल अगदी थोडं असतं, होंडाच्या जीएक्स-३५ मध्ये जेमतेम १०० मिली, त्यामुळं जरा कमी झालं तरी महागात पडतं. रोज पंप सपाट ठेवून पातळी बघा. पहिलं ऑइल १० तासांनी बदला, पुढं दर ५० तासांनी, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं. जास्त भरलं तर धूर येतो आणि एअर फिल्टर ऑइलनं भिजतो. मोटरसायकलवर आडवा बांधून नेलात आणि दोरी अडली, तर जोर लावू नका. ऑइल वर चढलेलं असतं. प्लग काढून चार-पाच वेळा दोरी ओढा. बऱ्याच तासांनंतर व्हॉल्व्हची फटही बघावी लागते; जीएक्स-३५ ला थंड इंजिनावर इनलेट ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.११ मिमी. हे काम गावात जमेलच असं नाही, कोल्हापुरात उद्यमनगरपर्यंत यावं लागेल.

इंजिन नीट चालतंय पण फवारा मरतोय, तर दोष खालच्या पंपाचा. आधी औषधाच्या टाकीतली जाळी, मग ओढणाऱ्या नळीची क्लिप, कारण तिथून हवा ओढली की प्रेशर नाचतं. त्यानंतर सील. पंपाखाली ठिबक दिसली तर सील गेलंच समजा. पावडरचं औषध थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवून फडक्यानं गाळा, कारण न विरघळलेले कण सील आणि व्हॉल्व्ह दोन्ही खातात. टाकी संपल्यावर कोरडा चालवू नका, आणि काम झाल्यावर दोन-तीन मिनिटं साधं पाणी फवारा.

पंप फक्त तुमच्याच हातात राहणार असेल, रान उताराचं असेल आणि मिश्रण रोजच्या रोज लागेल तेवढंच करण्याची शिस्त असेल, तर टू-स्ट्रोक वाईट नाही. करवीर, हातकणंगले, शिरोळसारख्या भागात, चार हातांत फिरणाऱ्या पंपासाठी मात्र मला फोर-स्ट्रोकच बरा वाटतो. जास्तीचे पैसे एका किटच्या खर्चात बऱ्यापैकी वसूल होतात. फक्त नवा पंप बहुतेक वेळा ऑइलशिवाय येतो. दुकानातच बूच उघडायला लावा, ऑइल समोर भरून घ्या आणि मगच दोरीला हात लावा.