सोलर झटका मशीन, डोंगरातल्या शेताला एकदम कामाचं

धडगावकडे सातपुड्यात आमचं उताराचं शेत, मका, ज्वारी अन् थोड्या शेळ्या, रानडुकरं एका रात्रीत अर्धा मका लोळवायची म्हणून हे घेतलं. १२ व्होल्टची बॅटरी, वर छोटं पॅनल, साधारण सेकंदाला एक टक् असा आवाज येतो अन् शेताभोवतीच्या तारेत झटका जातो, जनावर मरत नाही, पळतं. पहिले आठ दिवस झटका बसतच नव्हता, दोष निघाला अर्थिंगचा, मुरमाड जमीन ना! खड्ड्यात कोळसा-मीठ टाकून रोज बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे जमलं. तारेखालचं गवत कापतच राहा, ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो. अन् हात जोडून सांगतो, घरची लाइन थेट तारेला कधीच जोडू नका, माणसं जातात. यंदा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीला ज्वारी घरचीच आहे.