विट्यातील हुलग्याचे रसम

विट्याच्या बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर, आठ टेबलांचे एक उपाहारगृह आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ते चालविणाऱ्या अक्कांनीच तशी विनंती केली आहे; रविवारी आधीच माणसे जिन्यात ताटकळतात, असे त्यांचे म्हणणे. विट्यात कोणत्याही गलाईवाल्याला विचारले तरी तो जिना दाखवील.

गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातील असंख्य कुटुंबे या धंद्यापायी देशभर पांगली. आमचे कुटुंब 1972 च्या दुष्काळानंतर कोईमतूरला गेले आणि माझा जन्म तिथलाच. वडील मोडीच्या सोन्यात चांदी मिसळून ते ॲसिडमध्ये उकळत; चांदी विरघळून जाई, सोने तळाशी राही, आणि तो उग्र वास सदऱ्यातून धुतला तरी जात नसे. तिथे शाळेत मी 'सेटचा मुलगा' होतो, तर मे महिन्यात गावी आलो की चुलतभावंडे 'मद्रासी आला' म्हणून हाका मारीत. अक्कांचीही उमेदीची वर्षे तिकडेच गेली, हे त्यांच्या सांबाराच्या पहिल्या घोटातच कळते: त्यात गूळ नाही, चिंच बेताची आहे, अख्खे छोटे कांदे आहेत, आणि धणे-मेथी-मिरची घरी भाजून वाटलेली आहे.

तथापि इडली-सांबारासाठी एवढा जिना चढण्याची गरज नाही, ते आता सांगलीतही बरे मिळते. इथे जावे ते बुधवारी आणि रविवारी होणाऱ्या हुलग्याच्या रसमासाठी. कोईमतूरच्या बाजूला हुलग्याला 'कोळ्ळु' म्हणतात. तो भागही आपल्या माणदेशासारखाच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे कमी पाण्यावर येणारे हे कडधान्य दोन्हीकडच्या घरांत मुरलेले आहे. शिजवलेल्या हुलग्याचे वरचे गडद पाणी काढून त्यात चिंच, ठेचलेला लसूण, मिरे आणि जिरे घालायचे व वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची, एवढीच ती कृती. माझी आई तिथल्या बाजारातून हाच कोळ्ळु आणून, भाजून-दळून त्याचे गूळ घातलेले माडगे करी. शेजारच्या काकू नाक मुरडीत, आणि त्यांनी पाठविलेल्या रसमाला आमची आजी 'हुलग्याचे धुवण' म्हणे. मला दोन्ही आवडे, पण हे दोन्ही घरांत बोलून दाखविण्याची सोय नव्हती.

अक्का मात्र एकाच ताटात रसम-भात आणि लसणाच्या फोडणीतले हुलग्याचे शेंगोळे वाढतात. त्यांची सरमिसळ करून काही तिसराच पदार्थ काढण्याचा हव्यास त्यांनी धरलेला नाही, हे मला विशेष वाटले. शेंगोळे हाताने वळलेले, किंचित ओबडधोबड आणि आतपर्यंत शिजलेले असतात. पाण्यात पिठाची गुठळी राहत नाही. रसम इतके तिखट असते की दुसऱ्या वाटीला कपाळावर घाम येतो. या ताटाचे 110 रुपये घेतात, आणि रसम पुन्हा मागितल्यास त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.

उणिवाही आहेत. फिल्टर कॉफी सकाळी पितळी डबऱ्यातून उत्तम मिळते, पण दुपारनंतर ती कागदी पेल्यात येते आणि तिला चिकोरीखेरीज कसलीच चव नसते. संध्याकाळी नोकरांच्या भरवशावर चालणारे पंजाबी पदार्थ टाळावेत. माझ्या पनीरच्या भाजीत एकदा चक्क सांबाराचा मसाला निघाला. जिना अरुंद आणि उभा आहे, तेव्हा गुडघेदुखीच्या माणसाने खालूनच डबा मागवावा.

दसऱ्याला पालखीच्या शर्यतीसाठी परगावचे गलाईवाले विट्यात उतरतात, तेव्हा या माडीवर तमिळ, मल्याळम, पंजाबी अशा साऱ्या भाषा मराठीच्या मध्ये ऐकू येतात. गेल्या दसऱ्याला माझ्या टेबलावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा रसमाची वाटी तोंडाला लावून पीत होता. "पोदुमा?" असे अक्कांनी विचारले, म्हणजे 'पुरे का?' त्याने "अजून जरासं" असे मराठीत सांगितले आणि वाटी पुढे केली. अक्कांनी ती भरली, तेव्हा पातेल्यात पळीभरच रसम उरले होते. बुधवारी-रविवारी साडेअकराच्या आत पोहोचावे, हे त्यासाठीच सांगतो.