ड्रिप कॉफी मशीन: काचेचा जग की थर्मास जग, सात माणसांच्या घरातला आमचा हिशोब

परवा नणंदेचा फोन आला, वहिनी, तुझ्या कॉफी मशीनचं नाव पाठव ना, आम्हालाही घ्यायचीय. मी म्हटलं नाव पाठवते पण आधी हे सांग, तुमच्याकडे सकाळचा पहिला कप किती वाजता आणि शेवटचा किती वाजता? ती म्हणाली हे काय विचारणं झालं. पण खरं सांगते, पाच वर्षांत दोन मशिनी वापरून आणि तिसरी फुकटात आलेली माळ्यावर टाकून मला जे कळलंय ते एवढंच आहे, बाकी बटणं, दिवे, डिस्प्ले सगळं नंतर.

आमचं घर इंदूरला सुदामानगरात, माणसं सात, त्यातली पाच कॉफीवाली. सासरे पावणेसहाला उठतात आणि त्यांना कोरी लागते, मुलीची शाळेची बस पावणेसातला, तोपर्यंत माझा कप उभ्या उभ्या, नवरा आठला पोह्यांबरोबर, आणि सासूबाई पूजा आटोपून साडेआठ-पावणेनऊला. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या कपात जवळजवळ तीन तास. आता ह्या तीन तासांत कॉफीचं काय होतं तोच काचेच्या जगवाल्या आणि थर्मास जगवाल्या मशिनींतला फरक.

आधी थोडं आतलं सांगते म्हणजे पुढचं कळेल. मशीनच्या बुडाशी ॲल्युमिनियमची वाकवलेली नळी असते, तिला चिकटून हीटर. टाकीतलं पाणी नळीत उतरतं, उकळायला लागतं, बुडबुडे त्याला वर ढकलतात, खाली एक व्हॉल्व्ह असतो तो पाणी परत टाकीत जाऊ देत नाही, म्हणून ते वर झारीतून कॉफीवर पडतं. ती गुडगुड जी ऐकू येते ना, ती हीच. पंप वगैरे काही नाही. घरगुती इलेक्ट्रिक ड्रिप मशीनचं पहिलं पेटंट जर्मनीत १९५४ सालचं, विगोमॅट नावाची मशीन होती, आणि अमेरिकेत मिस्टर कॉफीने १९७२ मध्ये हे घरोघरी नेलं. आत त्यानंतर फार काही बदललेलं नाहीये, त्यामुळे तीन हजारवाली आणि दहा हजारवाली समोरासमोर ठेवली तर बराचसा फरक कॉफी साठते त्या जगात, पूड भरायच्या टोपलीत आणि झाकणात सापडतो, जास्तीच्या बटणांना फार भुलू नका.

काचेच्या जगवाल्या मशीनमध्ये तोच हीटर खालची प्लेटही तापवतो. म्हणजे कॉफी झाली तरी प्लेट चालू, जग गरम, आणि कॉफी मंद मंद शिजतच राहते. पहिला अर्धा तास झकास लागते, ह्यात वाद नाही, उलट थर्मासपेक्षा पहिला कप जास्त कडक गरम मिळतो. पण आमच्या सासूबाईंचा कप म्हणजे सहाच्या कॉफीचा पावणेनऊचा अवतार. एक दिवस त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला, जगाच्या तळाशी जमलेल्या तपकिरी कड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, शेंगदाणे भाजताना कढईकडे पाठ फिरवली की जसे होतात ना, तशी लागतेय. नंतर त्या तीन दिवस चहा प्यायल्या, काही न बोलता, ते जास्त लागलं मला.

मग प्लेट बंद करून बघितली, तर कॉफी वीस मिनिटांत कोमट, मग तीच पातेल्यात गरम करा, म्हणजे एकच. युरोपात २०१५ पासून नियमच आहे की काचेच्या जगवाल्या घरगुती मशीनची प्लेट कॉफी झाल्यावर जास्तीत जास्त चाळीस मिनिटांत आपोआप बंद झाली पाहिजे आणि थर्मासवाली पाच मिनिटांत, त्यामुळे तिकडच्या डिझाइनची मशीन चाळीस मिनिटांनी थंड पडली तर ती बिघडलेली नसते, दुकानात परत घेऊन जाऊ नका, माझ्या शेजारीण काकू गेल्या होत्या.

थर्मास जगवालीत प्लेटच नसते. कॉफी दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या जगात पडते आणि तिथेच राहते, दोन-अडीच तास बऱ्यापैकी गरम आणि मुख्य म्हणजे चव जळत नाही. पावणेनऊचा कप वाफाळता नसतो, सासूबाईंच्या कपात गरम दूध पडतं म्हणून निभावतं, पण जळका अजिबात नाही. ह्यात एक गोम आहे, जग थंडगार असेल तर स्टील पहिल्या कपाची गरमी खाऊन टाकतं, म्हणून मी आधी गिझरचं गरम पाणी जगात घालून पाच मिनिटं ठेवते आणि ओतून देते. जानेवारीत हे केलं नाही तर सासरे पहिल्याच घोटाला ओळखतात.

आता थर्मासची कटकटही सांगते, नाहीतर म्हणाल एकाचीच वकिली चाललीय. तोंड अरुंद, हात आत जात नाही, आत किती उरलीय ते दिसत नाही, म्हणून अर्धा कप मिळून चिडणारं माणूस घरात रोज एक असतंच. कॉफीचं तेल आत चिकटून राहतं, त्याला खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी रात्रभर भरून ठेवते आठवड्यातून एकदा, सकाळी तपकिरी पाणी निघतं ते बघून शहारा येतो. काचेचा जग त्या मानाने घासायला अगदी सोपा, पण फुटतो, आणि फुटला की नुसता जग मिळेलच असं नाही. आमचा दोन वर्षांत दोनदा फुटला, दुसऱ्यांदा कंपनीने दोन महिने आज येतो उद्या येतो करून शेवटी मॉडेल बंद झालं म्हणून हात वर केले, म्हणजे एका जगापायी पूर्ण चालू मशीन भंगारात. तेव्हा काचेची घेणार असाल तर सुटा जग मिळतो का, केवढ्याला, हे आधी विचारा आणि जमलं तर एक जास्तीचा त्याच दिवशी घेऊन टाका.

आता मापाचं, कारण इथेच सगळे फसतात. खोक्यावर सहा कप, दहा कप लिहिलेलं असतं ते आपले मग नाहीत. त्यांचा कप शंभर-सव्वाशे मिलीचा, म्हणजे ०.६ लिटरची सहा कपवाली मशीन आपले तीन मग देते. कोरी पिणाऱ्यांचा हिशोब सरळ आहे, एक लिटर पाण्याला साधारण ५५ ग्रॅम कॉफी, हे स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचं माप आहे, पाणी ९२ ते ९६ डिग्री. पण आपल्याकडे पाचातले चार जण दूध घालणार, आणि ह्या मापाच्या कॉफीत अर्धा कप दूध घातलं की ते कॉफीचा वास आलेलं दूध होतं. मग लोक म्हणतात मशीनची कॉफी पाणचट. मशीनचा काही दोष नाही बाई, दुधासाठी पाणी कमी आणि पूड जास्त लागते, मी तर जवळजवळ दुप्पट धरते.

म्हणजे असं बघा, पाच जणांना प्रत्येकी ९० मिली दाट कॉफी आणि वर तेवढंच दूध, तर कॉफी हवी ४५० मिली. पूड लागेल ५० ग्रॅमच्या आसपास, चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन घेतो म्हणजे शंभर मिली तिथे गेलं, तर टाकीत घालायचं साडेपाचशे. ऐकून वाटेल मग ०.६ लिटरची छोटी पुरे झाली! पाणी मावतं हो, पण छोट्या मशीनच्या टोपलीत पन्नास ग्रॅम पूड मावत नाही, फुगून वर येते आणि कडेने गाळ खाली. माझ्या पहिल्या मशीनमध्ये मी दोनदा कॉफी करायचे सकाळी, तेव्हा हे लक्षात आलं. सव्वा लिटरची मोठी घेऊन अर्धी भरायची, टोपली निमुळती असेल तर अजून चांगलं कारण पूड कमी असली तरी थर जाड राहतो. कोरी हवी असणाऱ्यांना त्याच दाट कॉफीत उकळतं पाणी घालून द्यायचं, सासऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

पूड कोणती? इन्स्टंट चालत नाही, ती विरघळून जाते. आणि साउथ इंडियन फिल्टरसाठी बारीक दळलेली, चिकोरी मिसळलेली पूड कागदी फिल्टरमध्ये घातली की फिल्टर तुंबतो आणि टोपली वरून वाहते, मी ओटा पुसून पुसून शिकलेय. आपल्याकडच्या नियमाने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के पाहिजे, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते, पाकीट उलटं करून वाचा. ड्रिपला शुद्ध कॉफी, रव्यासारखी दळून.

कागद की कायमची जाळी? जाळी धुवा आणि वापरा, खर्च नाही, कॉफीला अंग येतं. पण आमच्याकडे सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे, आणि कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल नावाचं जे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं ते कागदात अडकतं, जाळीतून खाली जातं. म्हणून कागद. शिवाय कागदासकट चोथा उचलून सरळ मोगऱ्याच्या कुंडीत, सकाळच्या घाईत हे फार मोठं सुख आहे.

टायमरबद्दल मी चार ओळीच लिहीन. रात्री भरून ठेवा, सकाळी उठा तर कॉफी तयार, ऐकायला स्वर्ग. लाइट गेली की घड्याळ बारावर येऊन लुकलुकतं आणि सकाळी काहीच झालेलं नसतं. आणि एकदा रात्री जग घासून पालथा घातला तो तसाच राहिला, मशीन वेळेवर चालू झाली, जग खाली नसला की थेंब अडवणारा टोपलीखालचा व्हॉल्व्ह बंदच राहिला, टोपली भरली आणि कॉफी ओट्यावरून खाली कणकेच्या डब्यापर्यंत. तेव्हापासून साधं खटक्याचं बटण, सासरे स्वतः दाबतात.

इंदूरकरांसाठी पाण्याचं मात्र वेगळं सांगायलाच हवं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधल्या दिवशी किंवा उन्हाळ्यात टाकीत बोरिंगचं, आणि ते पाणी बादलीच्या कडेला काय पांढरा थर देतं ते तुम्हाला माहीतच आहे. तोच थर त्या वाकड्या नळीत बसतो. आमची मशीन सुरुवातीला आठ मिनिटांत कॉफी करायची, सहा महिन्यांत चौदा मिनिटं घ्यायला लागली, नुसती वाफ आणि फुसफुस, मी म्हटलं गेली. मग सियागंजातून आणलेलं लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड), एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धं चालवून मशीन बंद, अर्धा तास थांबून उरलेलं, नंतर दोनदा साधं पाणी. परत आठ-साडेआठवर. आता महिन्याला एकदा करतेच. नणंद महालक्ष्मीनगरला राहते, तिच्या बिल्डिंगला सगळं बोरिंगचं, तिला मी म्हटलं पंधरा दिवसांनी कर. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधलं पाणी वापरलं तर त्रास कमी.

आणि ती माळ्यावरची तिसरी. दिरांनी अमेरिकेहून हौसेने आणलेली, सुंदर, चकचकीत, आणि १२० व्होल्टची. आपल्याकडे २३०. सरळ लावली तर हीटर जवळजवळ पावणेचारपट वीज ओढायला बघेल आणि जळेल. महारानी रोडला विजेच्या सामानाच्या दुकानात विचारलं, हजार वॉटच्या मशीनला त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे ओट्यावर मिक्सरएवढं धूड आणखी एक. कोणी तिकडून आणतो म्हणालं तर प्रेमाने नको म्हणा, बदाम आणायला सांगा.

स्टीलचा जुना साउथ इंडियन फिल्टर काढून टाकायचा का, हे नणंदेने विचारलं. अजिबात नको. घरात कॉफीवाले दोघंच असतील आणि दोघंही दूधवाले, तर मशीन घेऊच नका, रात्री झोपताना फिल्टर लावा, सकाळी डिकॉक्शन तयार, लाइट नाही, टायमर नाही, बारीक चिकोरीवाली पूडही चालते. आमच्याकडे पाहुणे दोन-तीन असले की मी आजही तोच काढते. पाचसहा जण झाले की मात्र तो दोनदा लावावा लागतो आणि मधली वीस-पंचवीस मिनिटं सकाळी कोणाकडेच नसतात.

तर नणंदेचं उत्तर आलं, पहिला कप सहाला, शेवटचा साडेनऊला, सासरे रिटायर्ड. मी लिहिलं थर्मास, सव्वा लिटर, साधं बटण. माझ्या भावाकडे तिघं आहेत, सगळे साडेसात ते आठमध्ये पिऊन बाहेर पडतात, त्याला काचेचीच सांगितली, पैसेही कमी, घासायला सोपी, प्लेट जाळायला वेळच नाही मिळत.

आणि दुकानात गेलात तर जगात पाणी भरून मागा आणि कपात ओतून बघा. काही जगांची चोच अशी असते की चाळीस अंशात वाकवला की पाणी कपात कमी आणि जगाच्या पोटावरून जास्त. दुकानदार म्हणेल दीदी ये क्या कर रही हो, करू द्या त्याला काय म्हणायचं ते, आमच्या पहिल्या मशीनच्या जगाने तीन वर्षं रोज टेबलक्लॉथ रंगवलाय.