स्त्रियांच्या इतिहासाची पुस्तकं : मोजकीच घ्यायची तर कोणती?

३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती आणि ८ मार्चचा महिला दिन, या दोन तारखांच्या आगेमागे शाळा, वाचनालयं आणि महिला मंडळं पुस्तकखरेदीची यादी काढतात. त्या यादीत एक पुस्तक ठरलेलंच असतं. चकचकीत मुखपृष्ठ, आत पन्नास नाहीतर शंभर कर्तबगार स्त्रिया, दर एकीला दोन पानं आणि एक रेखाचित्र. बक्षीस द्यायला बरं, निबंधस्पर्धेला त्याहून बरं. माझं मत आधीच सांगून टाकते : पैसे मोजके असतील तर ते सोडा. दोन पानांत फक्त ‘पहिली’ मावते. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक. तिच्यामागून आलेल्या आणि तेच काम जन्मभर केलेल्या बाईला तिथे जागा नसते. शिवाय पहिली कोण, हेही वाटतं तितकं सरळ नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनीही वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं.

त्याऐवजी काय घ्यावं, यासाठी काही मराठी पुस्तकं इथे शेजारी शेजारी ठेवली आहेत. ती निवडताना एकच गोष्ट पाहिली : या बाईला कुणी काही विचारलं का, आणि तिचं उत्तर पुस्तकात उरलं का?

आनंदीबाई : कादंबरी की चरित्र?

श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ साली आली. तिच्यावर नाटक झालं, २०१९ साली चित्रपटही आला. आनंदीबाई घराघरात माहीत आहेत त्या मुख्यतः या कादंबरीमुळे. वाचनीयतेत तिला तोड नाही. सातवीआठवीतली मुलगीसुद्धा ती हातातून सोडणार नाही. पण ती वाचून संपल्यावर डोक्यात कोण राहतं? गोपाळराव. त्यांचा हट्ट, त्यांचा विक्षिप्तपणा, बायकोने अभ्यासच केला पाहिजे म्हणून उगारलेला हात. कादंबरीला असा माणूस लागतोच, त्यात लेखकाला दोष देता येणार नाही. मात्र नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेली आणि अठरा वर्षांची असताना नवऱ्याला मागे ठेवून बोटीवर चढलेली मुलगी या दांडग्या माणसाच्या सावलीत जाते.

अंजली कीर्तने यांचं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) नेमकं इथे वेगळं पडतं. ते संशोधन करून लिहिलेलं, जाडजूड चरित्र आहे. एका रविवारी संपणार नाही, आणि मधली काही प्रकरणं ज्याला त्या काळाची गोडी नाही त्याला जड जातील. पण त्यात आनंदीबाई पत्रांतून, कागदपत्रांतून स्वतः बोलतात. हा पत्रव्यवहार सुरू झाला तो निव्वळ योगायोगाने. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या अंकात त्यांनी ते वाचलं आणि पत्र लिहायला घेतलं. आनंदीबाई त्यांना पुढे मावशी म्हणू लागल्या. या मावशीशी बोलणारी आनंदी घरातल्या आनंदीहून निराळी आहे. ती वाद घालते, तब्येतीच्या तक्रारी सांगते, आपल्या धर्माची बाजू मांडते. कॉलेजात प्रवेश मागताना लिहिलेल्या अर्जात ती आपल्या देशातल्या पीडित बायकांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शिकायचं आहे, असं स्वच्छ सांगते. नवऱ्याची इच्छा हे कारण ती तिथे पुढे करत नाही.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पुरी व्हायची होती. कोल्हापूरच्या इस्पितळातली ठरलेली नेमणूक राहूनच गेली. मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १८८९ मध्ये, काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र पत्रांसह छापलं. एका बाईने दुसरीचं लिहिलेलं हे चरित्र जुन्या वाचनालयात मिळालं तर जरूर चाळा, मात्र खरेदीसाठी त्याच्यामागे धावू नका. भाषा जुनी आहे आणि अभ्यासक सोडला तर बाकीच्यांना कीर्तने पुरेशा आहेत.

थोडक्यात, वाचक शाळकरी असेल किंवा वाचनाची सवय नसलेला असेल तर कादंबरी. एरवी चरित्रच. दोन्ही घेणार असाल तर कादंबरी आधी द्या. उलटं केलंत तर कादंबरी फिकी वाटेल.

आणि रखमाबाई?

आनंदीबाईंहून रखमाबाई जेमतेम चार महिन्यांनी मोठ्या. अकराव्या वर्षी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. नवरा कोर्टात गेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलानंतर चक्र फिरलं आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ‘केसरी’ त्या वेळी तिच्या विरोधात होता, हे आजच्या वाचकाला माहीत असलेलं बरं. ‘एका हिंदू स्त्री’च्या नावाने तिने टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेल्या पत्रांनी मुंबई ढवळून निघाली होती.

खटला संपल्यावर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, नंतर राजकोट इथे सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी बायकांच्या इस्पितळांत काम केलं. १९५५ साली वारल्या. म्हणजे जे काम करायचं स्वप्न आनंदीबाईंनी पाहिलं, ते या बाईंनी तीन दशकांहून जास्त केलं. तरी कुणालाही विचारा, आधी आनंदीबाईंचं नाव येईल. अकाली मृत्यूची गोष्ट सांगायला सोपी असते, पस्तीस वर्षांच्या नोकरीची नसते.

मोहिनी वर्दे यांचं ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ (१९८२) यासाठी घ्यावं. रखमाबाईंचं आयुष्य नायिकेच्या साच्यात बसत नाही. ज्या नवऱ्याकडे जायला नकार दिला, तो १९०४ साली वारल्यावर त्या विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या. वाचनगटात या एकाच गोष्टीवर संध्याकाळ निघते. माझ्या हातात निवड असती तर आनंदीबाईंच्या दोन पुस्तकांपैकी एक कमी करून हे घेतलं असतं.

स्वतःच लिहिलं तर सगळं येतं का?

आत्मचरित्र म्हणजे बाईचा स्वतःचा आवाज, असं आपण धरून चालतो. रमाबाई रानडे आणि बेबीताई कांबळे यांची पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. एक पुण्यामुंबईच्या न्यायमूर्तींच्या घरातलं, दुसरं महारवाड्यातलं. दोघींच्या जगण्यात कसलंच साम्य नाही. लिहिताना मात्र दोघींनीही स्वतःला बाजूला ठेवलं आहे.

रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं. १८७३ मध्ये अकरा वर्षांची, अक्षरओळख नसलेली मुलगी एकतीस वर्षांच्या विधुराच्या घरात येते. नवरा शिकवू पाहतो आणि घरातल्या थोरल्या बायका त्या शिकण्याला रोज आडव्या येतात. हा सगळा भाग इतका जिवंत आहे की आज सासरी राहून नोकरी करणाऱ्या मुलीलाही ओळखीचा वाटेल. पण पुस्तक १९०१ साली, रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबतं. त्यांची पुण्याची सेवासदन ही संस्था १९०९ पासूनची. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी, बायकांच्या मताधिकारासाठी त्या १९२४ पर्यंत, अखेरपर्यंत झटल्या. सार्वजनिक आयुष्यातल्या रमाबाई म्हणून ज्यांना मान द्यायचा, त्या या पुस्तकात जवळपास नाहीतच. भेट देताना हे सांगून द्या. वाचणाऱ्याला ‘उंच माझा झोका’ ही मालिका आठवत असेल तर पुस्तक लगेच लागेल, आणि साठीपुढच्या वाचकांना याहून चांगलं पुस्तक मला सुचत नाही.

बेबीताईंचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की रद्दीतल्या कागदांवर लिहायचं आणि ते घरच्यांपासून लपवायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. बाळंतिणीच्या पोटाला अन्न नाही, आषाढातले देवदेव, सासुरवाशिणीचे हाल, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दांनी पेटलेली वस्ती. गोष्ट सगळीकडे ‘आम्ही’ची आहे, ‘मी’ क्वचितच. स्वतःच्या संसारातला मार त्यांनी इथे जवळजवळ लिहिलाच नाही. त्याबद्दल त्या बोलल्या ते माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत, आणि ती मुलाखत २००८ सालच्या इंग्रजी अनुवादासोबत छापली आहे. म्हणून परदेशात वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी आवृत्ती घेणाऱ्यांना एक गोष्ट जास्तीची मिळते. भाषेची चव मात्र मुळातच. बेबीताईंच्या मराठीत शिव्या, ओव्या आणि भूक एकाच दमात येतात, आणि शहरी वाचकाला पहिली काही पानं अडखळायला होतं. तिथे सोडू नका.

दोघींतून एक निवडायची वेळ आली तर मी बेबीताईंना निवडेन. रमाबाईंच्या घराबद्दल आणखी चार ठिकाणी वाचायला मिळेल. बेबीताईंनी लिहिलेलं जग फार थोड्यांनी लिहून ठेवलं आहे. (गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’तही असंच : वारल्यांचा लढा भरभरून, गोदूताई स्वतः मोजक्या. पण ते पुस्तक स्त्रियांचा इतिहास म्हणून नव्हे, लढ्याचा इतिहास म्हणून वाचावं.)

विचारायला गेलेल्या दोघी

बायका स्वतःबद्दल लिहीत नसतील तर कुणीतरी जाऊन विचारायला हवं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तेच केलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचं पुस्तक. पहिल्या भागात चळवळीचा इतिहास, दुसऱ्यात या बायकांच्या मुलाखती आणि चरित्रं. विचारणाऱ्या दोघी चळवळीतल्याच, त्यामुळे उत्तरं पाहुण्यांपुढे द्यावीत तशी नाहीत.

महाडच्या सत्याग्रहाची छायाचित्रं, भाषणं आपण पाहिली-वाचली आहेत. तिथे आलेल्या बायका कुठून आल्या, घरी कुणाला काय सांगून निघाल्या, हे कोण विचारतं? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली, कामकरी बायकांसाठी हक्काच्या रजा मागितल्या. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत या ठरावाचं नाव किती वेळा ऐकलं आहे? नागपूरच्याच जाईबाई चौधरींनी हमाली केली, शिकल्या आणि १९२० च्या दशकात मुलींसाठी शाळा काढली. शंभर कर्तबगार स्त्रियांच्या पुस्तकात जाईबाई क्वचितच सापडतात, कारण त्या कशातल्याच ‘पहिल्या’ म्हणून नोंदल्या गेल्या नाहीत.

दोषही सांगायला हवेत. पुस्तक सलग वाचायचं नाही. काही नोंदी भरघोस, काही चार ओळींत आटोपलेल्या. उतारवयातल्या आठवणींवर विसंबल्यामुळे तेच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. ओघवती गोष्ट हवी असलेला वाचक इथे कंटाळेल, त्याला ‘आनंदी गोपाळ’च द्या. पण वाचनगटासाठी, शाळेच्या ग्रंथालयासाठी, किंवा आपल्या आजीची, शेजारच्या निवृत्त सुईणीची मुलाखत घ्यावी असं ज्या मुलीला वाटतंय तिच्यासाठी, मला यातलं एकच पुस्तक घ्यायला सांगितलं तर हेच. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी याचा इंग्रजी अनुवादही केला आहे. त्यातल्या नाशिकच्या शांताबाई दाणी कुणाला आवडल्या तर त्यांचं ‘रात्रंदिन आम्हां’ हे आत्मकथन पुढचं पुस्तक.

पैसे उरले तर

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली, सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला झालेल्या शिक्षेने संतापून हे लिहिलं. जोतीरावांनी पाठराखण केली, बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पानं थोडी आहेत. गटात मोठ्याने वाचायला घ्या, वाचणारी मात्र तोंडाने फटकळ असावी.