पाचही वेळा टेबल उजवीकडूनच आलं होतं

मशीनचे 4,85,000, जीएसटी 87,300, क्रेनचे 6,500. एकूण 5,78,800 रुपये घातले, आणि या छोट्या सीएनसीवर (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) 12 मिलिमीटरचा साधा डॉवेल बोअर, म्हणजे पिन बसवायचं भोक, गोल निघत नाही. एच7 या ठरलेल्या दर्जात अशा भोकाला 18 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट. इथे एक्स (डावी-उजवी) आणि वाय (पुढे-मागे) दिशेच्या मापातच 60 मायक्रॉनचा फरक.

विक्रेत्याचा डेमो रबाळ्याच्या गाळ्यात. स्पिंडलला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक), टेबलावर ब्लॉक. एक्स 50 मिलिमीटर मागे नेऊन पुन्हा शून्यावर. काटा जागच्या जागी. "बघा साहेब, दोन मायक्रॉनसुद्धा नाही!" पाचदा दाखवलं आणि पाचही वेळा टेबल उजवीकडूनच आणलं. एका बाजूने आलं की बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना स्क्रू-नटमधला ढिलेपणा, दिसतच नाही, हे शिकाऊ पोरालाही कळतं. "आता डावीकडून आणा," एवढं म्हणायला जीभ का जड झाली? शेजारी एक गिऱ्हाईक "आजच टोकन देतो" म्हणत उभं होतं (तेही त्यांचंच असणार), घाई कोणालाही झाली असती.

वागळे इस्टेटला माझ्याकडे मशीन बसल्यावर उलट दिशेने दहा-दहा मायक्रॉन जॉग केलं, म्हणजे एकेका क्लिकने सरकवलं. सहा क्लिक काटा हललाच नाही. बेलोज (स्क्रूवरचं घडीचं आवरण) काढले तर 'ग्राउंड', म्हणजे घासून अचूक केलेला, म्हणून विकलेला स्क्रू रोल्ड, म्हणजे दाबून आटे पाडलेला, नट सिंगल, प्रीलोड (ढिलेपणा मारणारा आधीचा ताण) शून्य. सी7 दर्जाच्या रोल्ड स्क्रूत 300 मिलिमीटरला 50 मायक्रॉनची चूक बसते. स्क्रीनवर 0.001 दिसतं ती अचूकता नव्हे, नुसता आकडा.

आता विक्रेते म्हणतात, कंपेन्सेशनमध्ये (कंट्रोलरने ढिलेपणा भरून काढायची सेटिंग) 0.06 टाका. त्याने डायल खूश होतो, कटर नाही. क्लाइंब कटला, म्हणजे कटर टेबलाच्या चालीच्या दिशेनेच फिरतो तेव्हा, टेबल पुढे ओढलं जातंच. डेमोला स्वतःचं मटेरियल न्या, 50 चं वर्तुळ मारायला लावा, चारही टोकांना, जिथे अक्ष दिशा बदलतो, तिथे नख फिरवा. पायरी लागली की उठून या.

जीएसटीचं बिल टू-बीत (पोर्टलवर खरेदीदाराला दिसणारी क्रेडिटची यादी) आलंच नाही, म्हणजे 87,300 चं क्रेडिटही अडकलं. विक्रेत्याचं रिटर्न पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

पोलीस म्हणाले, "मशीन मिळालं ना? मग दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर, "धंद्यासाठीची खरेदी, चालणार नाही." पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात बसते, हे कलम मीच वाचून दाखवलं. मग तीन प्रती आणा. आणल्या, तर आवक-जावकवाले जेवायला गेलेले. पुढच्या खेपेला, "वकील करा." शेवटी एकाने बिल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "यात दोन मायक्रॉन कुठे लिहिलंय?"

बिलावर एवढंच होतं: सीएनसी मिलिंग मशीन, 1 नग.