तोरणमाळच्या तलावाकाठचा आमचा तंबू: दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

धुळ्यात आठवडाभर सकाळचा पारा सहा-सात अंशांवर अडकलाय. गल्लीत शेकोट्या, घरात गोधड्या, रविवारी शेतात भरीत पार्ट्या. अशा दिवसांत काल उन्हं गच्चीवर आली तशी मी माळ्यावरून तंबू खाली काढला. पिशवीची गाठ सोडली आणि मे महिन्याचा वास आला. वाळलेलं गवत, काठचा सुकलेला गाळ आणि थोडा धूर. लेक तशीच आत शिरली आणि आतूनच ओरडली, "मम्मी, आखाजीला किती दिवस राहिले?" आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तिला अजून तीन महिन्यांच्या वर आहेत. तोवर ज्यांना उन्हाळ्यात तलावाकाठी राहायला जायचंय आणि सामान घ्यायचंय, त्यांच्यासाठी आमचा अनुभव सविस्तर लिहिते.

तंबू मागच्या मार्चमध्ये ऑनलाइन घेतला, ५,८०० रुपयांना. तिघांचा, दोन थरांचा. आतला थर जवळजवळ अर्धा जाळीचा, त्यावर टाकायचं पावसाचं आवरण वेगळं. फायबरच्या दोन काठ्या, वजन साडेतीन किलोच्या आसपास. आजवर अकरा रात्री झाल्या: मे महिन्यात सातपुड्यातल्या तोरणमाळला पाच, दोन गच्चीवर, ऑक्टोबरात अनेर धरणाच्या काठी दोन आणि डिसेंबरात पुन्हा तोरणमाळला दोन. आम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांची लेक आणि पाचपैकी तीन रात्री आबा, म्हणजे माझे सासरे. तिघांच्या तंबूत दोन मोठे आणि एक मूल नीट मावतं. आबा बाहेर खाटेवर झोपले आणि त्यांना तेच आवडलं.

आधी मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी तंबू घेताना लोक पाणी अडवण्याचा आकडा विचारतात. मीही तेच विचारलं होतं. आमच्यावर २,००० मिलिमीटर लिहिलंय, म्हणजे कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपायला नको. आपल्या कामाला तेवढं भरपूर आहे. पण खानदेशी माणसाने आधी बघायचं ते जाळी किती आहे आणि वारा समोरासमोर आरपार जातो का. जाळीची एकच छोटी खिडकी असलेला तंबू मे महिन्यात भट्टी होतो, मग तो कितीही महागाचा असो.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, धुळं अडीचशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने खाली ४३ असेल तर वर ३७ धरायचं. म्हणजे दुपार तिथेही दुपारच असते. खरा फरक संध्याकाळनंतर कळतो. सूर्य डोंगराआड गेला की यशवंत तलावावरून वारा सुटतो आणि रात्री दोनला पातळ चादर ओढावी लागते. खाली गच्चीवर पाणी शिंपडून झोपणाऱ्या आम्हा लोकांना मे महिन्यात चादर ओढायला मिळणं हे केवढं सुख आहे, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

जागा आबांनी निवडली. तरुणपणी त्यांनी वर्षानुवर्षं शेतात जागल केली आहे. मी पाण्याच्या अगदी कडेला, सपाट हिरवळीवर तंबू टाकायला निघाले होते. ते म्हणाले, "पहिले वारा कथाईन ई राहिना ते देख, मंग खुट्या ठोक." म्हणजे आधी वारा कुठून येतोय ते बघ. काठापासून पन्नास-साठ पावलं वर, पूर्वेला जांभळाचं झाड येईल अशी जागा त्यांनी दाखवली. त्याचं कारण दुसऱ्या सकाळी समजलं. आमच्यापासून थोड्या अंतरावर उघड्यावर तंबू टाकलेलं कुटुंब सातलाच घामाघूम होऊन बाहेर आलं. आमच्यावर साडेआठपर्यंत सावली होती. कडक उन्हाने पॉलिएस्टरचं कापड हळूहळू कमजोर होतं, त्यामुळे सावली कापडासाठीही हवी. मात्र झाडाच्या अगदी बुंध्याशी, वाळक्या फांदीखाली कधीच नको.

ते कळलं वळवाच्या पावसात. दुसरी फेरी, मे महिन्याचा शेवट. चांदणं दिसावं म्हणून वरचं आवरण काढून आम्ही नुसत्या जाळीखाली झोपलो होतो. साडेअकराला एकदम वारा पडला. बेडूकसुद्धा गप्प झाले. मग सीताखाईच्या बाजूने धूळ आली, आणि धुळीमागे वीज. अंधारात आवरण टाकायला आम्हाला दहा मिनिटं लागली, कारण चारही कोपरे एकाच रंगाचे होते आणि दार कुठल्या बाजूला येतं तेच कळेना. आता एका कोपऱ्याला लाल कापडाची चिंधी शिवलेली आहे, तो कोपरा दाराशी. वीज जवळ यायला लागली तसे आम्ही सगळे गाडीत जाऊन बसलो. जांभळाची एक फांदी मोडून पडली, तंबूपासून दहा पावलांवर. तंबूत पाणी अजिबात आलं नाही. काठ्या वाकल्या आणि सरळ झाल्या, तुटल्या नाहीत.

तक्रार आहे ती खुंट्यांची. सोबत आलेल्या बारीक तारेच्या खुंट्या तोरणमाळच्या मुरमात पहिल्याच दिवशी वाकल्या, १४ पैकी सहा. परत येऊन वेल्डिंगवाल्याकडून आठ मिलिमीटरच्या सळईच्या, वीतभर लांब, डोक्याला वळण दिलेल्या खुंट्या करून घेतल्या. त्या मुरमात पक्क्या बसतात. पण अनेरला काळ्या मातीत, पाऊस नुकताच उघडलेला असताना, याही लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या. तिथे दोरी दगडाला बांधून तो दगडच आडवा मातीत पुरला. काळ्या रानात हाच उपाय.

चेनची दुसरी अडचण. दाराची चेन शेजारच्या कापडात अडकते आणि लेक ओढते. मेणबत्ती घासली की आठ-दहा दिवस नीट चालते. कंपनीला कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

आता हिवाळ्याचं. डिसेंबरात आम्ही गेलो ते हौसेने, आणि खरं सांगते, हा तंबू त्यासाठी नाही. पहाटे गाडीच्या टपावर दव गोठून पांढरा थर आला होता. आत आवरणावरून थेंब टपकत होते, लेकीची झोपायची पिशवी पायाशी ओली. मला वाटलं शिवण गळते. शिवण कोरडी होती. ते आमच्याच तिघांच्या श्वासाचं पाणी, थंड कापडाला लागून ठिबकलेलं. थंडी वाजते म्हणून आम्ही खिडक्या गच्च बंद केल्या होत्या, तीच चूक. दुसऱ्या रात्री वरची झडप उघडी ठेवली, तर निम्म्याहून कमी ओल. काठाजवळ थंड हवा साचते, ती जड असल्यामुळे उतारावरून खाली येऊन बसते. आबांची पन्नास-साठ पावलं हिवाळ्यातही कामाला आली.

झोपायच्या पिशवीवर शून्य अंश लिहिलं होतं. घेताना बारीक अक्षरं वाचा. दोन आकडे असतात: आरामाचा आणि मर्यादेचा. मोठ्या अक्षरातला बहुतेक वेळा मर्यादेचा असतो, त्या तापमानाला माणूस आखडून कशीबशी रात्र काढतो. आमच्या पिशवीचा आरामाचा आकडा पाच होता. आणि थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते. पहिल्या रात्री गोधडी अंगावर घेतली, दुसऱ्या रात्री तीच खाली अंथरली. फरक इतका की लेक सकाळी उठायला तयार नव्हती.

छोट्या गॅसच्या डब्यावर तर चहा होईना. त्यात ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या जवळ वायू व्हायलाच कुरकुरतो. डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला तेव्हा ज्योत धरली. कोमटच, गरम नाही. आणि कितीही हुडहुडी भरली तरी शेगडी, निखारे, गॅस यातलं काहीही तंबूच्या आत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतच नाही.

उन्हाळ्यात याच्या उलट काळजी. सातपुड्यात मे महिन्यात पानगळीचा थर इतका वाळलेला असतो की एका ठिणगीने डोंगर पेटेल. आम्ही शेकोटी केलीच नाही, स्वयंपाक दगडांवर, उघड्या मुरमावर, शेजारी पाण्याची बादली. राहायची परवानगी आधी विचारून घ्या. सकाळी चपला झटकून घाला, विंचू रात्री दगडाखालून निघतात आणि उजाडताना आडोसा शोधतात. तलावात मुलांना एकटं सोडू नका, काठ गाळाचा आहे आणि पाय सरकतो.

बाकी मे महिन्यातल्या तिथल्या दिवसांबद्दल किती लिहू? धडगावकडच्या वाटेने गेलात तर कातळांवर कैरीच्या पांढऱ्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील, आमचूर व्हायला निघालेल्या. पाड्यावरच्या एका पावरा आजींनी लेकीच्या ओंजळीत मूठभर दिल्या, तर ती दात आंबेपर्यंत चोखत बसली. संध्याकाळी आम्ही घरून नेलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, भाजल्या, सोबत कांदा आणि दाण्याची चटणी. पाणी काळं होत गेलं, पलीकडच्या काठावर एक-दोन दिवे लागले. आबा दोन तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढल्या साली परत येऊ.

तंबू परत घेईन का? याच किमतीत, उन्हाळ्यासाठी, हो. हिवाळ्यात डोंगरावर जायचं असेल तर नाही, वेगळा बघा. ठेवताना एक करा: कोरडा खडखडीत करून, सैल, सुती पिशवीत ठेवा. ओल राहिली की आतला लेप चिकट होतो आणि मग कापड पापुद्र्यासारखं सुटतं. म्हणूनच काल ऊन दाखवलं. वाळल्यावर लेकीने खुंट्या मोजल्या, १४ हव्यात, १३ भरल्या. चौदावी मे महिन्यापासून तिथेच आहे. जांभळाच्या मुळात अशी बसली की नवऱ्याने खूप ओढूनही निघाली नाही, तेव्हा कुणाला ठेच लागू नये म्हणून आबांनी तिच्यावर दगड ठेवला होता. डिसेंबरात तो दगड उचलून पाहिला, खुंटी जागेवर होती. आखाजी झाली की पहिली दोरी तिलाच बांधायची आहे.